गाळात गेलेली म्हैस

काकांइतकं सरळ तोंड ठेवून खोटं बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि काकांइतका खरा माणूसही पाहिला नाही. ही दोन वाक्यं एकाच माणसाबद्दल कशी लिहिलीस म्हणून मला कुणी हटकलं, तर मी भांडेन. मी तशी भांडकुदळच आहे. फक्त जिथं भांडायला हवं होतं तिथं नेमकी गप्प बसले, आणि हे सगळं त्याचंच रडगाणं आहे.

वाळूजला आमच्या कारखान्यात काका क्वालिटी इन्स्पेक्टर होते. आम्ही इंजिनात बसणाऱ्या पिना बनवतो, बोटभर लांबीच्या, लखलखीत. काका मायक्रोमीटर नंतर लावायचे. आधी पिन अंगठ्याखाली फिरवायची आणि डोळे मिटायचे. मिटलेले डोळे उघडून ते आपल्याकडं बघायला लागले की समजायचं, गेला माल. मग लाल चिठ्ठी. त्या चिठ्ठीवर 'कारण' असा एक रकाना असतो. बाकीचे त्यात 'मानवी चूक' असं लिहून मोकळे व्हायचे. काका नाही. "मानवी म्हंजी कुणाची?" ते विचारायचे. "मानव नावाचा गडी हाय का आपल्या शिफ्टला? नाव लिवा."

आणि नावं ते दोन लिहायचे. ज्याच्या हातून चूक झाली त्याचं नाव दुसरं. पहिलं नाव, ज्याला ती थांबवता आली असती आणि ज्यानं थांबवली नाही, त्याचं. हा त्यांचा स्वतःचा कायदा. यावरून प्रॉडक्शनवाल्यांशी त्यांची रोज जुंपायची, कारण पहिलं नाव बहुतेक वेळा कुठल्यातरी साहेबाचं निघायचं. एकदा माझंही निघालं. मी हुद्द्यानं त्यांच्याहून मोठी, वयानं वीसेक वर्षांनी लहान. तरातरा गेले त्यांच्या टेबलाशी.

"काका, मशीनवर मी होते का?"

"नव्हत्या."

"मग?"

"तिथनं जाताना मशीनचा आवाज ऐकून तुमी थांबल्या. आन् मग गेल्या. मी बघितलं."

खरं होतं. एकदा तर त्यांनी पहिलं नाव स्वतःचंच लिहिलं होतं. डबा खात होतो, उठायचा आळस केला, म्हणाले.

माझं काम कारखाना टापटीप ठेवायचं. फाइव्ह एस म्हणतात त्याला. प्रत्येक वस्तूला जागा आणि प्रत्येक जागेभोवती पिवळी पट्टी. मशीनभोवती पट्टी, ट्रॉलीभोवती पट्टी, कचऱ्याच्या डब्याभोवतीसुद्धा पट्टी. पट्टीच्या आत कुणी पाय ठेवायचा नाही. बाहेरचे पाहुणे आले की पट्टीच्या कडेला ओळीनं उभं राहून बघणार आणि मी त्यांना माहिती देणार. कामगार मला मागून पट्टीवाली मॅडम म्हणायचे. 'मॅडमच्या घरी सासूच्या पलंगाला बी पट्टी हाय' असं कंपनीच्या बसमध्ये एकानं म्हटलेलं मी या कानांनी ऐकलंय. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मार की, तुझी पोरं तरी माझ्या अंगावर उड्या मारायची थांबतील." सांगायचा मुद्दा, माझा पट्टीवर विश्वास होता. अजूनही आहे, हेच तर वाईट.

काकांचं दुसरं रूप मला दिसलं ते धरणाच्या पाण्यावर. उन्हाळ्यात नाथसागराचं पाणी उतरतं आणि लांबच लांब किनारा उघडा पडतो. कुठं गाळपेराची काकडी-कलिंगडं, कुठं नुसती वाळू आणि गोटे. रविवारी अर्धं शहर तिथं. आम्हीही गेलो होतो, मी, नवरा, पोरं आणि भेळीचं सामान. गाडी लावून पाण्याकडं निघालो तर वाटेत एक ध्यान बसलेलं. डोक्यावर शहागंजातल्या जुन्या बाजारात घेतलेली, दोन काड्या मोडलेली छत्री. अंगातला शर्ट चिंब ओला. पँटचा एकच पाय दुमडलेला. हातात मासे धरायची काठी, पण तिला ना दोरा ना गळ. तोंडानं काहीतरी पुटपुट चाललेली. आम्हाला बघून ते उठलं.

"कुठं निगाले? तिकडं गाळ हाय. मागल्या साली म्हैस गेली. शिंगं बी दिसली नायत परत."

नवऱ्यानं पोरं गोळा केली. मी बघतच राहिले. आमचे इन्स्पेक्टर! अर्ध्या मायक्रॉनसाठी साहेबांच्या तोंडाला लागणारा माणूस! त्यांनीही मला ओळखलं होतं, पण पापणी हलली नाही. माझ्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाले, "बाईमाणसानं तर जाऊच नाय. तीबी म्हैसच व्हती, रेडा नव्हता." मी हसू दाबत माघारी वळले.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये ते माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसले. "जयभीम, मॅडम." कंपनी जवळ आल्यावर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "म्हैस नव्हती."

"कळलं मला."

"गाळ बी नाय. खडखडीत हाय."

"मग?"

"पाखरं हायत," ते म्हणाले. इतक्या हळू, की जणू ड्रायव्हर ऐकून तिकडं बस वळवेल.

पुढच्या रविवारी मी एकटी गेले, आणि मग त्या उन्हाळ्यातले आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातले बरेच रविवार जात राहिले. पाखरं म्हणजे नदी सुरय. राखाडी अंग, काळी टोपी, हळदीसारखी पिवळी चोच. पूर्वी म्हणे पाण्यातल्या बेटांवर त्यांची जत्रा भरायची. आता पाणी फार उतरतं, बेट किनाऱ्याला चिकटतं, आणि मग कुत्री, गुरं, मोटारसायकली, माणसं सगळी पायीपायी तिथं. सुरयीला घरटं बांधायची अक्कल नाही. गोट्यांतच खळगा करून दोन-तीन अंडी घालते, आणि अंडी हुबेहूब गोट्यांसारखी. बघून पाय ठेवला तरी फुटायची. वनखात्याचा गार्ड एक, किनारा केवढा. त्या सगळ्या किनाऱ्यावर काकांना माहीत असलेली एवढी एकच वस्ती उरली होती. पहिल्या वर्षी अकरा खळगे होते. दुसऱ्या वर्षी सात.

चौदा एप्रिलला निळा फेटा बांधून मिरवणुकीत घाम फुटेस्तोवर नाचणारे काका, पंधराला पहाटे पाण्यावर हजर. त्यांचे नियम ठरलेले. आल्याबरोबर शर्ट काढून पाण्यात बुडवायचा आणि तसाच अंगात घालायचा. का, तर सुरय पण तेच करते. मे महिन्याच्या उन्हात ती पाण्यावर जाऊन पोट भिजवते आणि ओल्या पोटानं येऊन अंड्यांवर बसते, अंडी गार ठेवायला. "ती करती ते आपुन करायचं, मंग कळतं ऊन काय असतं," असं त्यांचं म्हणणं. चालताना पाय उचलायचा नाही, घासत न्यायचा. ती सवय त्यांना इतकी लागली होती, की कारखान्यातही ते फरशीवर पाय घासत चालायचे आणि नवी पोरं त्यांची नक्कल करायची.

आणि बसायचं ते पाखरांकडं पाठ करून. मला आधी वाटलं, माणूस खरंच येडा आहे. इतक्या लांब यायचं, उन्हात तापायचं, आणि ज्यांच्यासाठी आलो त्यांच्याकडं बघायचंही नाही! मी विचारलं तर म्हणाले, "राखणदारानं तोंड चोराकडं करावं, पिकाकडं नाय." क्वचित मान वळवून एक नजर टाकायचे, तीसुद्धा चोरून. "पाखरू उठलं की आपुन उठायचं. ते आपल्यामुळं उठलं, आसंच धरायचं."

येडेपणाही ठरवून केलेला होता. येड्यापाशी कुणी डबा खात नाही, हे त्यांचं शास्त्र. माणसं लांबूनच त्यांना बघायची आणि आपसूक वळायची. वळली नाहीत, तर म्हैस. म्हशीनं भागलं नाही, तर ट्रॅक्टर. एका कॉलेजच्या ग्रुपला तर त्यांनी नवरा-नवरीसकट वरातीची जीप गाळात घातली होती. गाडीवाटेवर ते बाभळीच्या काट्या टाकून ठेवायचे, आणि पिशवीत पंक्चरचं सामान. कुणाची मोटारसायकल फुसकन बसली की हेच धावत जायचे, "आरारा, लई वंगाळ रस्ता!" म्हणत पंक्चर काढून द्यायचे आणि गाडी माघारी वळवून द्यायचे. पैसे घ्यायचे नाहीत. "काटा बी माझा, पंक्चर बी माझं," मला डोळा मारून म्हणायचे.

मला हे पटत नव्हतं. लपवाछपवी, सोंगं, काटे! मी त्यांना दहादा तरी म्हटलं असेल, "काका, सरळ रेघ मारू. बोर्ड लावू. माणसं वाईट नसतात, त्यांना माहीत नसतं. सांगितलं की ऐकतात."

"ऐकतेत की," ते म्हणायचे. "लई ऐकतेत. ऐकून बघाय येतेत. खूण करायची नाय, मॅडम."

मी मनात म्हणायचे, म्हातारा हट्टी आहे.

त्यांच्याकडं एक शंभर पानी वही होती, रबर लावलेली. तिच्यात रकाने पाडलेले, थेट आमच्या कारखान्यातल्यासारखे. खळगा कुठला, तर एका मोठ्या धोंड्यापासून किती पावलं. अंडी किती. निकाल, ओके की रिजेक्ट. आणि शेवटी कारण. तिथंही त्यांचा तोच काटेकोरपणा. 'कुत्रं, पांढरं, एक कान फाटका.' 'डोमकावळा.' 'पाणी चढलं.' एका ठिकाणी, 'मी. सांच्याला लवकर निघालो.' ते वाचून मला हसू आलं होतं. आता येत नाही.

मग तो मे महिना. सात खळगे, आणि काकांच्या हिशेबानं चार-पाच दिवसांत पिल्लं बाहेर. शनिवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला. लासूर स्टेशनला दिलेल्या लेकीला कळा सुरू झाल्या होत्या, पहिलटकरीण. "मी निगालो, मॅडम. उद्याच्याला तुमी बसा. काय करायचं नाय. नुसतं येड्यावानी बसायचं. जमंल का?"

"जमेल, काका. तुम्ही निर्धास्त जा."

जमणार कुठलं? मी पट्टीवाली मॅडम. माझ्या हाताखाली चाळीस माणसं. ओला शर्ट घालून, काठी घेऊन, तोंडानं पुटपुटत मी बसणार? आणि कंपनीतलं कुणी आलं म्हणजे? मला लाज वाटली, हे सरळ सांगते. लाज वाटली म्हणून मी मला येत होतं तेच केलं. पिवळ्या रंगाचा एक डबा आणि ब्रश घेऊन पहाटेच पोचले. गोटे रंगवले आणि सातही खळग्यांना मिळून एक मोठं, ऐसपैस रिंगण आखलं. अंड्यांपासून चांगलं लांब. पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'येथे दुर्मिळ पक्ष्यांची अंडी आहेत. कृपया रेषेच्या आत येऊ नये.' सुरया उठल्या, ओरडल्या, पण मी लांब गेल्यावर परत बसल्या. मी काकांना दाखवायला फोटो काढला. इतकी खूश होते मी, काय सांगू.

दहाच्या सुमाराला एक कुटुंब आलं. त्यांनी बोर्ड वाचला. पोरांना आवाज करू नका म्हणाले. रेषेच्या कडेला उभे राहिले. मग आणखी एक. मग कुणीतरी फोटो ग्रुपवर टाकला असणार, कारण माणसं नुसती येतच राहिली. शहरातले एक वयस्कर चाचा नातवंडांना घेऊन आले होते. ते मला म्हणाले, "बहुत अच्छा काम करे मॅडम तुम. फिकर नक्को करो, लाइन के अंदर कोई नै जाता." आणि खरोखरच स्वतः उभं राहून लोकांना मागं सारायला लागले. किती चांगली माणसं! एकानंसुद्धा रेघ ओलांडली नाही. इतकी शिस्त मला कारखान्यात दहा वर्षांत लावता आली नव्हती.

आणि मी माहिती देत होते. हो, अगदी पाहुण्यांना देते तशी. सुरया वर घिरट्या घालून किंचाळत होत्या. एक पाण्यावर जाऊन पोट भिजवून आली. वर गोल गोल फिरली. तिच्या पोटावरून थेंब पडताना दिसत होते. खाली माणसं उभी, म्हणून ती उतरेना. पोट वाळलं, परत पाण्यावर गेली, परत भिजवून आली, परत फिरली. मी लोकांना बोट करून दाखवलं, "बघा, बघा, अंडी गार ठेवायला पोटावरून पाणी आणते!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्याबरोबर मीही वाजवल्या.

पाखरू उठलं की आपण उठायचं, हे मला तेव्हा आठवलंच नाही. दीडच्या सुमाराला भुका लागल्या तशी माणसं पांगली आणि सुरया झपाझप खाली उतरून बसल्या. मी सुटकेचा श्वास सोडला. दिवस छान गेला, असं वाटलं मला. छान!

चारला काका आले. लासूरहून थेट, मोटारसायकलवर, हातात जिलेबीचा पुडा. लांबूनच ओरडले, "नात झाली, मॅडम!" मग त्यांना पिवळे गोटे दिसले.

त्यांनी बोर्ड वाचला. वाळूतले पायांचे ठसे बघितले, रिंगणाला धरून सगळीकडून, पार वाळू उकरली जाईस्तोवर तुडवलेले.

"कुणीही रेषेच्या आत आलं नाही, काका," मी म्हटलं. "एकसुद्धा नाही."

"व्हय. किती वेळ व्हती माणसं?"

"दहापासून... दीडपर्यंत."

त्यांनी बोटांवर मोजलं. मग खाली बसले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना पाखरांकडं तोंड करून बसलेलं पाहिलं.

"पण बसल्यात की आता!" मी म्हटलं. माझा आवाज मलाच चिरका लागला.

"बसत्यात," काका म्हणाले. "आनखी आठ-पंधरा दिस बसत्याल. त्यास्नी काय ठावं, आत शिजलं म्हणून."

असं कुणी कधी मला मारलं नाही. मी उभी होते तिथंच उभी राहिले. काकांनी वही काढली, रबर काढलं, सात ओळी लिहिल्या आणि शेवटच्या रकान्यात काहीतरी खरडून वही मिटली. काय लिहिलंत, असं मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. काय लिहिलं असणार ते मला माहीत होतं. मग ते एकेक पिवळा गोटा उचलून पाण्यात नेऊन टाकायला लागले. मी एक उचलला, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या." निघताना पुडा माझ्या हातात दिला, "जिलेबी घेऊन जा, पोरांना."

दोन आठवड्यांनी बसमध्ये मागून येऊन त्यांनी सांगितलं, "नाय उकलली. सातीच्या सात." मी मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून बस सोडली आणि स्कूटरवर जायला लागले. घरी सांगितलं, बसमध्ये मळमळतं. कारखान्यात त्यांच्या टेबलावरून जायला नको म्हणून लांबच्या दारानं जायचे. ते मात्र भेटले की तसंच, "जयभीम, मॅडम," जणू काही झालंच नाही, आणि त्यानं मला आणखीनच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. त्या साली हिवाळ्यात ते रिटायर झाले. त्यांच्या निरोपाला मी गेले नाही. ऑडिट आहे, असा निरोप पाठवला. ऑडिट पुढच्या आठवड्यात होतं. किनाऱ्यावर जायचा तर प्रश्नच नव्हता. तिथं त्यांच्यासमोर कुठल्या तोंडानं जाऊन बसणार?

असे चार उन्हाळे गेले. यंदा एप्रिलमध्ये नवऱ्याच्या नात्यातलं लग्न निघालं, नेमकं लासूर स्टेशनला. अक्षता पडल्या आणि माझे पाय आपोआप मोंढ्यामागच्या गल्लीत वळले. रिटायर झाल्यावर काका-काकू तिथंच लेकीजवळ, मोंढ्यामागं राहायला गेलेत, एवढं ऐकून होते. दारातच बाजेवर बसले होते. डोक्यावर ओला टॉवेल, गुडघे सुजून कोहळ्यासारखे. मला बघून इतके हसले, की मला त्यांच्या पायाशी बसावंसं वाटलं.

"या, या मॅडम! जयभीम! अगं, मॅडम आल्या बघ. च्या टाक."

काकूंनी पाणी दिलं. चार वर्षांची नात दारामागून डोकावून पळाली. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग काकांनी काकूंना वही आणायला सांगितली. तीच, रबर लावलेली.

"निरोपाच्या दिवशी आणली व्हती पिशवीत, तुमाला द्याय. तुमी नव्हत्या. पुढचं तुमी येगळ्या वहीत लिवलं आसंल, ती हिला जोडून ठेवा."

मला त्यांचं बोलणं नीट कळलं नाही. माझं सगळं लक्ष त्या पानाकडं होतं. काढलं. सात ओळी, सात रिजेक्ट. शेवटच्या रकान्यात पहिल्या ओळीत एक शब्द, आणि खाली सहा वेळा 'वरीलप्रमाणे' अशा खुणा.

'ऊन.'

नाव नव्हतं. मी पान उलटून मागं बघितलं, पुढं बघितलं. कुठंच नव्हतं.

"काका, हे खोटं आहे."

"का? ऊन नव्हतं त्या दिशी?"

"काका..."

"लई ऊन व्हतं," ते म्हणाले. तेच तोंड. म्हैस गाळात घालतानाचं.

मला रडू फुटलं. परक्या घरात, लग्नाची साडी नेसून, मी लहान मुलीसारखी रडले. काकू पाठीवरून हात फिरवत राहिल्या. जरा शांत झाल्यावर काकांनी विषय बदलावा तसं विचारलं, "बरं, यंदा किती बसल्या?"

तेव्हा मला त्यांचं मघाचं बोलणं कळलं. येगळ्या वहीत! त्यांना वाटत होतं, मी जाते तिथं. चार वर्षं ते असंच समजून होते.

"आहेत," मी म्हटलं. "लांबून मोजता नाही आल्या नीट. पण आहेत."

काकांनी डोळे मिटले. मग उघडले आणि माझ्याकडं बघितलं. ती नजर मला ओळखीची होती, पिनेवर अंगठा फिरवल्यानंतरची.

"आन् म्हैस?" ते हळूच म्हणाले. "यंदा कुणाची गेली गाळात?"

"मी गेलेच नाही, काका," मी म्हटलं. "त्या दिवसानंतर एकदाही नाही गेले. मला वाटलं, तुम्ही वहीत माझं नाव लिहिलंय."

काकांनी पुन्हा बोटांवर मोजलं, तसंच, एकेक बोट दाबून.

"म्हंजी चार उन्हाळं तिथं कुणीच नव्हतं," ते म्हणाले. मला नाही, स्वतःलाच.

"रोज म्हणायचे," काकू म्हणाल्या, "माझे गुडघे गेले तर जाऊ द्या, मॅडम हायत तिकडं."

"शिव्या द्यायच्या होत्यात, काका," मी म्हटलं. "मी भांडले असते. पण पुढच्या रविवारी आले असते."

"व्हय," काका म्हणाले. "आल्या असत्या." टॉवेल काढून त्यांनी तोंड पुसलं. "रिजेक्शनला खोटं कारण लिवलं, तर फुडला माल बी बिघडतो. जलमभर पोरांना हेच सांगत आलो की म्यां."

त्यांनी चष्मा मागितला, पेन मागितलं. वही मांडीवर घेऊन 'ऊन'वर एक आडवी रेघ मारली आणि त्याच्या शेजारच्या अरुंद जागेत, फार सावकाश, काहीतरी लिहिलं. मग वही मिटायला लागले.

"काय लिहिलंत?" या वेळी मी विचारलं.

त्यांनी वही माझ्याकडं फिरवली. दोन नावं होती. पहिलं त्यांचं होतं.